साठ उजव्या बाह्या

झोपेबद्दल सल्ला देणाऱ्या माणसाला आधी विचारावं, बाबा रे, तू किती तास झोपलास? माझ्या नणंदेला विचारलं तर म्हणाली, "मी ना, दहा वाजता पडते ते थेट सहाला उठते. माझी पाळी कधी गेली मला कळलंसुद्धा नाही." आणि ही बाई मला फोनवर अर्धा तास सांगते की मनावर घेऊ नकोस. अगं, मनावर कोण घेतंय? अंगावर येतंय ते! रात्री अडीच वाजता छातीतून जाळ उठतो, मानेपर्यंत चढतो, उशी ओली, गाऊन ओला, केस ओले. पाच मिनिटांनी तेच अंग गार पडतं आणि दात वाजायला लागतात. मग पांघरूण घ्या. घेतलं की पुन्हा जाळ. असं पहाटेपर्यंत चालतं आणि डोळा लागतो न लागतो तोच सहाचा गजर.

पाच महिने. एक दिवस सोडून नाही, रोज.

कोमट दूध पिऊन झालं. तळपायाला तेल चोळून झालं. शंभरापासून उलटे आकडे मोजून झाले, अकरा वेळा. मुलगी दुसऱ्या गावाहून फोन करते, "आई, झोपायच्या आधी मोबाइल बघत जाऊ नकोस." मी मोबाइल बघतच नाही. मी छत बघते. आमच्या छताला कपाटाच्या वर एक भेग आहे, तिला किती फाटे आहेत ते मला कोणीही विचारावं.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मात्र नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे या वयात होतं, तुमचं डोकं फिरलेलं नाही. खोली गार हवी, हवा खेळती हवी, पांघरूण पातळ. दुपारनंतर चहा बंद. जाग आली तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बसा, पुन्हा पेंग आली की आडव्या व्हा. उठायची वेळ रोज एकच ठेवा. एवढं करून महिन्यात फरक पडला नाही तर औषधं आहेत, तपासण्या करून ठरवू. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद मी आमच्या ह्यांच्या हातात ठेवला.

ह्यांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "ठीक आहे, पंखा दोनच्या ऐवजी तीनवर करू."

झालं! पाच महिन्यांच्या रोगावर उपाय, पंखा तीनवर.

आमच्या झोपायच्या खोलीत खिडकी एकच, आणि ती ह्यांच्या उशाशी. ती उघडली की ह्यांच्या मानेत वारा भरतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, अठ्ठावीस वर्षं मान तीच आणि वाराही तोच. माणूस वाईट नाही हो. दिवसभर लोकांच्या पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत जिने चढतात-उतरतात, घरी येऊन भांडीसुद्धा घासतात. पण डोकं उशीला टेकलं की घोरायला सुरुवात. मी शेजारी भिजून चिंब, आणि हे आपले घुर्रर्र. अशा वेळी माणसाच्या मनात काय काय विचार येतात ते लिहिण्यासारखे नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी मी हळूच विषय काढला होता. बाहेरच्या खोलीत मोठी खिडकी आहे, मी आपली गादी तिकडे टाकते. त्यावर ह्यांचा चेहरा एवढुस्सा झाला. "म्हणजे मी नकोसा झालो का तुला?" पुढचे दोन दिवस बोलणं बंद. जेवताना भाजी हवी असली तरी मागायची नाही, आपली आपण वाढून घ्यायची. मी म्हटलं, जाऊ दे, खड्ड्यात गेली ती गादी. उगाच घरात तमाशा नको.

आणि झोप नाही म्हणून कामाला सुट्टी कुठे असते? मी कटिंग मास्तरीण आहे. कोट, अ‍ॅप्रन, गणवेश शिवणारा आमचा कारखाना. बावीस मशिनं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कापायचं एकच टेबल. त्या टेबलावर कापडाचे पन्नास-साठ थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूने आखायचं, आणि मग पात्याच्या यंत्राने सगळे थर एकदम कापायचे. मशिनवर चूक झाली तर एक कोट उसवावा लागतो. टेबलावर चूक झाली तर साठ कोट. म्हणून टेबल कोणालाही मिळत नाही. मी बारा वर्षं मशिनवर बसले, सात वर्षं झाली टेबल माझं आहे. आमच्याकडे याआधी बाईमाणसाच्या हातात खडू कोणी दिला नव्हता. ते टेबल म्हणजे माझा जीव आहे, यात लाजायचं काय!

माझ्या हाताखाली एक मास्तर आहे. चाळिशीचा, दोन पोरींचा बाप, पण सगळे त्याला धाकटा मास्तर म्हणतात. थर तो अंथरतो, मी आखते, पातं तो चालवतो; घाई असली तर एखादा साचा तोही आखतो.

त्या बुधवारी एका प्रयोगशाळेचे साठ कोट होते. कापड एकतर्फी, बाहेरून चकचकीत, त्यावर काही सांडलं तर आत मुरत नाही. आतून साधं. त्यामुळे सगळे थर सुलटे, चकचकीत बाजू वर. आता गंमत ऐका. आमचे मालक पुठ्ठासुद्धा वाया घालवत नाहीत, त्यामुळे बाहीचा साचा एकच. तो ठेवायचा, डावी बाही आखायची. मग साचा पालथा करायचा, उजवी आखायची. सात वर्षांत मी तो साचा किती वेळा पालथा केला असेल देव जाणे. हाताला विचारावं लागत नाही.

डावी आखली आणि जाळ उठला. भरदिवसा, एवढ्या लोकांत. घाम टपकन कापडावर पडेल म्हणून मी खडू ठेवला, मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं, भिंतीला टेकून दोन मिनिटं उभी राहिले. बहुतेक उभ्याउभ्याच डोळा लागला. परत आले तर डोक्यात भुसा भरलेला. साचा उचलला, शेजारी ठेवला, आखला. पालथा केला नाही.

"ताई, झालं?" धाकट्या मास्तरने विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

त्याने पातं चालवलं.

चार वाजता बाहीवाली माझ्याकडे आली. ती फक्त बाह्या जोडते म्हणून तिला बाहीवाली म्हणतात. मशिनवरून सहसा उठत नाही ती. दोन बाह्या हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, या कोटवाल्यांना दोन्ही हात डावेच आहेत का?"

मी बाह्यांच्या गठ्ठ्याकडे धावले. गठ्ठा सोडला. डावी, डावी, डावी. एकशे वीस बाह्या, सगळ्या डाव्या. बाहीला खांद्याकडे जे वळण असतं ते पुढून खोल असतं आणि मागून उथळ. ती उलटून लावावी तर चकचकीत बाजू आत जाणार. काही म्हणजे काही करता येत नव्हतं. साठ उजव्या बाह्या नव्याने कापायला हव्यात, कापड शिल्लक नाही, आणि माल शुक्रवारी द्यायचा.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मालक आले. बाहीवालीच्या हातातल्या बाह्या पाहिल्या, गठ्ठा पाहिला, आणि थेट धाकट्या मास्तरकडे वळले. पातं तोच चालवतो ना! "डोळे कुठे होते तुझे? काय गवत कापतोस का? दहा वर्षं झाली आणि तुला डावं-उजवं कळत नाही?" बावीस मशिनं थांबली. एकेक शब्द सगळ्यांनी ऐकला. "उद्यापासून टेबलाला हात लावायचा नाही," असंसुद्धा म्हणाले.

आखलेली खूण वरच्या थराबरोबर कापली गेली होती, तुकड्यांची वाटणीही होऊन गेली होती. खडू कोणाचा होता ते आम्हा दोघांनाच माहीत. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली फरशीकडे.

आणि मी गप्प बसले.

हे मी कबूल करते, कारण नाही केलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी गप्प बसले. मला वाटलं, आता बोलले तर टेबल गेलं. म्हणतील, बाईमाणसाला दिलं तेच चुकलं. सात वर्षं एका वाक्यात जातील. मी गठ्ठा बांधला, पर्स उचलली आणि घरी आले.

त्या रात्री जाग यायला झोप लागलीच नाही. जाळ तीनदा आला, पण त्याचं काही वाटेना. धाकट्या मास्तरच्या पोरी डोळ्यांसमोर येत होत्या, त्यांना तर मी नीट पाहिलेलंही नाही. शेजारी घुर्रर्र चालू. मला इतका संताप आला! ह्यांचा, मालकांचा, नणंदेचा, त्या पुठ्ठ्याचा, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा. मी कधी दुसऱ्याच्या डोक्यावर आपलं खापर फोडलं नव्हतं. झोप गेली ती गेली, आता लाजही जायची बाकी होती का?

सकाळी आठला मशिनं सुरू व्हायच्या आधी सगळे टेबलाभोवती जमतात, आपापले गठ्ठे न्यायला. मालकही असतात. धाकटा मास्तर दाराशी उभा होता, टेबलापासून लांब. मी खडू उचलला आणि टेबलावर ठेवला.

"कालच्या बाह्या मी आखल्या होत्या," मी म्हणाले. "साचा पालथा करायचा राहिला. त्याने मी आखलं तसं कापलं. चूक माझी आहे."

मालक बघतच राहिले. "तुमची? ताई, तुम्ही कशा काय..."

"पाच महिने झाले, मला धड झोप नाही. माझी पाळी जायला आली आहे. रात्रभर अंगातून वाफा निघतात, डोळ्याला डोळा लागत नाही. काल उभ्याउभ्या डोळा लागला आणि परत येऊन चुकीचं आखलं."

मालकांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग हातातल्या किल्ल्यांकडे. माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहिलं. "अहो ताई, हे असलं... सगळ्यांसमोर कशाला? केबिनमध्ये येऊन सांगायचं."

"काल ह्याला सगळ्यांसमोर बोललात ना? मग हेही सगळ्यांसमोरच ऐका."

बटणांची काजं करणारी बाई फिसकन हसली. बाहीवाली आपला गठ्ठा काखेत मारत म्हणाली, "माझं दोन वर्षं चाललं होतं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत मशिनखाली झोपायचे." मालकांचे कान लाल झाले. त्यांनी घसा साफ केला आणि एकदम मायेच्या आवाजात म्हणाले, "असं करा, तुम्ही आता तपासणीच्या टेबलावर बसा. दोरे कापायचे, बटणं बघायची. खुर्ची आहे, पंखा आहे. तुम्हालाही आराम."

तो आवाज ऐकून माझं डोकंच फिरलं. ओरडले असते तर परवडलं असतं! "मला आराम नकोय, मला टेबल हवंय. माणसाचा हात मोडला तर तुम्ही त्याला महिना देता. गेल्या वर्षी प्रेसवाल्याला दिलात की नाही? मला पंधरा दिवस द्या. मी आखेन, त्याने प्रत्येक रेघ बघायची, त्याने हो म्हटल्याशिवाय पातं चालणार नाही. पंधरा दिवसांत एक जरी चूक निघाली तर मी स्वतः जाऊन त्या खुर्चीवर बसते."

मालकांनी होकार दिला. दिला म्हणजे काय, त्यांना तिथून सुटायचं होतं. दुपारी कापड आलं, आम्ही दोघांनी साठ उजव्या बाह्या कापल्या. मी आखलं. त्याने वाकून एकेक वळण पाहिलं, साचा ठेवून ताडून पाहिलं. सात वर्षांनी कोणीतरी माझा खडू तपासत होतं. हात मागे बांधून उभी राहिले, दुसरं करणार काय?

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग पातं हातात घेऊन, माझ्याकडे न बघता, "ताई, हे तुम्ही काल बोलला असतात तर मला रात्री जेवण गेलं असतं."

मी साचे गोळा करायला लागले.

घरी आले तेव्हा हे कांदा चिरत होते. मी चप्पलही न काढता सगळं सांगितलं. बाह्या, धाकटा मास्तर, मालक, खुर्ची, पंधरा दिवस. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं मग खुर्ची का नाही घेतलीस? बसून काम, वर पंखा. थकवा कमी होईल, आपोआप झोप येईल."

पाच महिन्यांत साचलेलं सगळं त्या क्षणी बाहेर पडलं. "खुर्ची घालू का चुलीत? मला टेबलावर उभं राहायचंय! आणि त्यासाठी रात्री झोपायचंय! कागद दाखवला, तुम्ही पंखा तीनवर केलात. खिडकी म्हटली, तुमची मान आली. गादी म्हटली, तुम्ही दोन दिवस तोंड शिवलंत. तुमच्या मानेपायी माझं टेबल चाललंय, कळतंय का काही? मला तुमच्यापासून लांब जायचं नाहीये हो! मला झोपायचंय! नुसतं झोपायचंय!"

शेवटी शेवटी मी रडत होते. शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला होता, म्हणजे त्यांनीही ऐकलं असणार. ऐकू देत.

ह्यांनी सुरी खाली ठेवली. मग कांद्याकडे बघत म्हणाले, "मी सातवीत होतो तेव्हा बाबांनी गादी बाहेरच्या खोलीत नेली. आईला म्हणाले, खोकला आहे, तुझी झोपमोड नको. खोकला गेला. गादी परत आत आली नाही. पुढे बारा वर्षं, बाबा जाईपर्यंत, दोघं एका घरात राहिले आणि मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलले." डोळे पुसले. कांद्याने आलेलं पाणी की कशाने, मी विचारलं नाही. "तू गादी म्हणालीस की मला तेच दिसतं."

अठ्ठावीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कळत होतं. राग जायला हवा होता, पण गेला नाही. उलट अजून चिडले. "मग हे तेव्हाच तोंडाने सांगता येत नव्हतं? मी म्हणत बसले मान, मान!"

"मानही आहेच," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. "ऐका. गादी मी नेणार नाही, तुम्ही न्या. तुमच्या हाताने टाका. म्हणजे कोणी कोणाला टाकून गेलं असं व्हायचं नाही. आणि माझ्याशी बोलायचं सोडलंत तर बघाच."

जेवण झाल्यावर त्यांनी गादीची वळकटी केली आणि दारातून नेताना दोन्ही बाजूंनी अडकवली. मी मागून ढकलली. बाहेरची खिडकी कित्येक वर्षांत पूर्ण उघडली नव्हती, तिची कडी त्यांनी हातोडीने ठोकून काढली. पातळ चादर मी घेतली, जाड पांघरूण त्यांनी आत नेलं. मग उंबरठ्यावर उभे राहिले. "काही लागलं तर हाक मार," म्हणाले. दहा पावलांवर तर जाणार होते, पण आवाज असा की जणू बोटीने निघालेत. मी म्हटलं, बरं.

जाळ आलाच. घाम आला, मान भिजली. पण वारा वाहत होता. मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तशी उठून बसले, खिडकीच्या गजांना कपाळ लावलं, कोणाच्या मानेचा विचार करायचा नव्हता. अंग निवलं तशी पेंग आली. आडवी झाले. पुढचं काही आठवत नाही.

जागी झाले तेव्हा खोलीभर ऊन होतं आणि हे समोरच्या स्टुलावर बसले होते. डोळे तांबारलेले, रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. माझ्या उशाचं घड्याळ त्यांच्या मांडीवर होतं.

"किती वाजले?"

"आठला पाच कमी."

"काय!" मी ताडकन उठले. "गजर?"

"मी बंद केला," ते म्हणाले. "तू झोपली होतीस."

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. पंधरा दिवसांतली पहिली सकाळ, अहो, पहिली! उठायची वेळ रोज एकच ठेवा असं त्या कागदावर लिहिलंय, ते तरी वाचलंत का? मी दात घासताना बोलत होते, साडी नेसताना बोलत होते, जिना उतरतानाही बोलत होते. हे वरून कठड्यावर वाकून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसलं तरी समाधान होतं, ते बघून मला आणखीच चेव येत होता.

कारखान्यात पोचले तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सगळी मशिनं चालू. एकोणीस वर्षांत मी एकदाही उशिरा आले नव्हते. मालक टेबलाशीच उभे होते, हातात घड्याळ नव्हतं एवढंच. धाकटा मास्तर थर अंथरून थांबला होता, खडू टेबलावर तसाच पडलेला.

"ताई," मालक म्हणाले, "आज काय झालं?"

"झोप लागली," मी म्हणाले, आणि खडू उचलला.